नाशिकहून कोळीवाड्याला जायचंय? रविवार नको, तिथी बघून निघा

गोदाकाठ (धागालेखक):

समुद्र म्हटला की आपल्या नाशिककरांच्या तोंडी अलिबाग, दिवेआगर, नाहीतर थेट गोवा. पण त्र्यंबकचा रस्ता धरून तोरंगण घाट उतरला आणि मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत मनोरला हायवे ओलांडला, की साडेतीन-चार तासांत पालघरचा किनारा लागतो. केळवे, शिरगाव, सातपाटी, वर उत्तरेला डहाणू आणि बोर्डी. आपल्या डोंगरातलं काही पाणीही तिकडेच जातं. ब्रह्मगिरीवरची गोदावरी पूर्वेला वळून १४६५ किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळते. पण त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते.

धागा काढतोय तो वेगळ्याच कारणाने. इथल्या सहलीच्या धाग्यांवर मच्छीमार गावांबद्दल जे लिहिलं जातं ते वाचून वाईट वाटतं. "गावात शुकशुकाट होता", "बघण्यासारखं काही नाही", "नुसता वास". लिहिणारा शनिवारी दुपारी पोचलेला असतो आणि रविवारी जेवून निघालेला. त्या गावाची कामाची वेळ आपल्या सुट्टीवर ठरत नाही, ती भरतीवर ठरते. हे एकदा ध्यानात घेऊन गेलं की तेच गाव पूर्ण वेगळं दिसतं.

सातपाटीचंच घ्या. गाव खाडीच्या तोंडाशी आहे आणि खाडी गाळाने भरलेली. ओहोटीला बघाल तर बोटी चिखलात कलंडून पडलेल्या. पाणी चढल्याशिवाय एकही बोट आत येऊ शकत नाही की बाहेर पडू शकत नाही. म्हणजे मासळी धक्क्यावर कधी लागणार, लिलाव कधी होणार, बर्फाच्या गाड्या कधी येणार, घरात जेवणं कधी होणार, सगळं भरतीच्या हाती. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज दुपारी एकला गजबजलेला धक्का आठवड्याने त्याच वेळी रिकामा असतो.

भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागावाप्रमाणे पंधरा-वीस मिनिटं, अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून नाशिकला बसून तुम्ही हे काढू शकता. आपण तिथी उपासासाठी बघतो. तिकडे पोरगंही समुद्रासाठी बघतं.

तिथीवर आणखी एक गोष्ट अवलंबून असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, प्रवाहाला जोर असतो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद. बोंबील, जवळा, करंदी ज्या डोल जाळ्यात सापडतात ते जाळं म्हणजे समुद्रात एका जागी बांधलेली लांबच लांब पिशवी असते. तोंड रुंद, शेपटीकडे निमुळती होत गेलेली, आणि आतला विणकामाचा डोळाही शेपटीकडे बारीक होत जातो. हे जाळं माशामागे जात नाही. पाण्याची ओढच मासळी आत ढकलते. प्रवाह उलटा फिरायच्या आत ते वर घ्यावं लागतं. उधाणाच्या दिवसांत या कामाला क्षणाची उसंत नसते आणि भांगाच्या दिवसांत तीच माणसं गावात दिसतात, जाळी दुरुस्त करताना, इंजिन खोलून बसलेली, लग्नाच्या बोलणीत. त्यामुळे "गाव झोपलेलं होतं" लिहिणारा बहुतेक सप्तमी-अष्टमीला गेलेला असतो.

पापलेटचं तंत्र निराळं. ती जाळी भिंतीसारखी पाण्यात उभी सोडतात, वर बोया, खाली वजनं, आणि मासा डोळ्यात शिरून कल्ल्याशी अडकतो. बोट बर्फ, डिझेल, तांदूळ, पाणी भरून निघते ती काही दिवसांनीच परतते. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि खलाशी तितके दिवस घरी नसतात. सातपाटीत मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत. सभासदांचं पापलेट तिथे वजनाप्रमाणे प्रत लावून घेतलं जातं. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, ते याच माशाला.

आता जवळून बघितलेलं एक. वाळूवर बांबू रोवून, त्यांना आडवे बांबू आणि दोऱ्या बांधून बोंबील वाळवायचे मांडव केलेले असतात. त्यांना वलांड्या म्हणतात. सकाळी बायका टोपलीतून बोंबील उचलतात, एकाचा जबडा उघडून त्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. एक बोंबील दोरीच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. ना गाठ, ना चिमटा. माशाचे स्वतःचेच बारीक वाकडे दात एकमेकांत रुततात आणि सुकेपर्यंत सुटत नाहीत. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, हातात घेतला तर घसरतो. तरी त्या बाईचा हात थांबत नाही, नजर तर माशाकडे नसतेच, शेजारणीशी बोलणं चालू. मी बाजूला उभा राहून कितीतरी वेळ नुसता तो हात बघत होतो. वाऱ्यावर रांगाच्या रांगा हलत असतात. चांगलं ऊन आणि कोरडा वारा असला तर दोन-तीन दिवसांत माल तयार. मध्येच अवकाळी आला तर सगळा माल कुजतो. आपल्याकडे द्राक्षाच्या बागेवर अवकाळी आला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, तेच.

जे जाऊन आले आहेत, जे तिकडचे आहेत, त्यांनी भर घालावी. मुख्य म्हणजे वेळेबद्दल लिहा.

------

मोखाडा_वळण:

फार गरजेचा धागा. रस्त्याबद्दल एक जोडतो: पावसाळ्यात तोरंगण घाटात धुकं आणि दरड, दोन्हीचा त्रास. संध्याकाळनंतर नको. जव्हारला मुक्काम करून पहाटे निघालं की भरतीच्या वेळेचं गणित सहज जमतं.

आमच्याकडे पावसाळ्याआधी सुकटीची बेगमी करतात. आजी बुधवारच्या गंगाघाटावरच्या बाजारातून सुकट, बोंबील, वाकट्या आणायची आणि डब्यात भरून ठेवायची. हे सगळं कुठून येतं असं आम्ही कधी विचारलंच नाही. जबड्यात जबडा अडकवण्याचं पहिल्यांदा कळलं. लहानपणी सुके बोंबील तोंडाशी वाकलेले का असतात ते आज समजलं.

------

खाडीपलीकडची:

माझं माहेर पालघर किनाऱ्यावरचं, सातपाटीच्या बाजूचंच. लग्न होऊन नाशिकला आले, आता इंदिरानगरात घर आहे. गोदाकाठदादा, तुम्ही वेळेचं अगदी बरोबर लिहिलंत. त्यात बाईची बाजू मी लिहिते, कारण बाहेरून येणारा माणूस बोटीकडे बघतो आणि फोटो बोटीचा काढतो.

मासळी बोटीतून उतरली की ती बाईच्या ताब्यात. पुरुष जाळ्याचं बघेल, इंजिनाचं बघेल, पण निवडणं, वाटे लावणं, लिलावात बोली करणं, बाजारात नेणं, सुकवणं, खारवणं, साठवणं, विकणं हे बायकांचं. पैसाही तिच्या हातातून फिरतो. बर्फाचं बिल, डिझेलची उधारी, खलाशांची उचल, पोरांची फी, सगळ्याचा हिशोब तिच्या डोक्यात. माझी आई शाळेत फार गेली नाही, पण धक्क्यावर उभ्या उभ्या टोपल्यांचा भाव, तोटा आणि व्याज तोंडी काढायची, आणि तो चुकायचा नाही.

दिवस कसा असतो ते सांगते. भरती पहाटे असेल तर मध्यरात्रीनंतर घर जागं. नवऱ्याचा डबा भरायचा, मग धक्क्यावर जायचं, बोट आली की माल निवडायचा. मोठा मासा वेगळा, बारीक वेगळा, जवळा वेगळा. ज्या बायका बाजाराला जातात त्या पाट्या घेऊन स्टेशन गाठतात. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा गावातल्या बायकांना काय आनंद झाला होता! त्याआधी मोजक्या गाड्या, त्यातली एक चुकली की मासळी नरम. मालडब्यात पाट्यांवर पाट्या, मध्ये बर्फाचं पाणी गळतंय, आणि तिथेच कोणी भाजी निवडतंय, कोणी डोळा लावतंय. दुपारी परत येऊन सुकवायला टाकलेला माल उलटायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचा. मग घरचा स्वयंपाक.

येणाऱ्यांना तीन-चार गोष्टी सांगायच्या आहेत, राग मानू नका.

जमिनीवर पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घालून जा. श्रद्धेचा भाग आहेच, पण चपलेच्या टाचेत एक धागा अडकला तरी ते भोक शिवायला माणूस बसतो. जवळा वाळत घातलेल्या ओट्यावर लहान मुलांना सोडू नका, ते लोकांच्या पोटात जाणारं अन्न आहे. लिलाव चालू असताना बोली लावणाऱ्यांच्या आणि मालाच्या मध्ये उभं राहून मोबाईल पुढे करू नका. बोली फार भरभर चालते, नजर चुकली की बाईचं नुकसान. आणि फोटो काढायचा तर विचारा. "मावशी, काढू का?" एवढं म्हटलं की बहुतेक जणी हसून होच म्हणतात. ओल्या साडीत, चिखलात, गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्या बाईला न विचारता कोणी फोटो काढलेला आवडेल का? तुमच्या आईचा काढला तर?

नाक दाबून फिरू नका, ही माझी सगळ्यात मोठी विनंती. तो वास म्हणजे आमच्या घरातलं धान्य आहे.

------

कॉलेजरोड_सायकल:

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मनाला लागलं. फोटोचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

पण धागालेखकांना एक विचारतो. आमच्यासारख्या नोकरदारांना सुट्टी शनिवार-रविवारचीच. पोरांच्या शाळा, कंपनीच्या शिफ्ट. तिथी बघून जा म्हणणं सोपं आहे, जमायचं कसं? आणि गावांनाही पर्यटनाचे पैसे हवे असतीलच ना? लोक येतात तेव्हा गाव त्यांच्यासाठी काही दाखवत असेल तर त्यात वाईट काय?

------

गोदाकाठ:

वाईट काही नाही, आणि सुट्टी न घेता जमतं. महिन्यात चार-पाच शनिवार-रविवार येतात, त्यातले एक-दोन पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ पडतातच. तेच धरायचे. कॅलेंडर घेऊन वर्षभराचे खूण करून ठेवा.

गावाने आपल्यासाठी काही दाखवावं हे मात्र मला पटत नाही. बघण्याजोगं आहे ते त्यांचं काम. ते त्यांच्या वेळेला, त्यांच्या पद्धतीने होतं. आपण गेलो म्हणून उगाच बोट फिरवून आणायची, कोळी पोशाख चढवून नाचायचं, हे सुरू झालं की पुढच्या पिढीला जाळं शिवण्यापेक्षा तेच सोपं वाटणार. पैसे द्यायचेत तर मासळी घ्या, घासाघीस न करता घ्या, जेवण सांगून घ्या, सुकट बांधून आणा. हा पैसा थेट त्याच बायकांकडे जातो.

जाळ्यावरून आठवलं. धक्क्याच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ जाळं शिवताना दिसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून ताण दिलेला, डाव्या हाताच्या बोटावर डोळ्याचं माप, उजव्या हातात चपटी प्लास्टिकची सुई, तिच्यावर दोरा गुंडाळलेला. फाटलेला भाग आधी चाकूने कापून मोठा केला, कडा सरळ करून घेतल्या आणि मग एकेक गाठ मारत भरत आणला. मी विचारलं, फाटलं होतं त्याहून मोठं भोक का केलंत? म्हणाले, वेडीवाकडी कड शिवली तर ओढ एकाच गाठीवर येते आणि पहिल्याच उधाणाला परत तिथेच फाटतं.

------

दाभोळखाडी:

मी मूळचा दापोलीचा, नोकरीनिमित्त सातपूरला. हर्णैचं लिहितो, कारण इथले बरेच लोक तिकडेही जातात.

हर्णै बंदरात समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आणि किनाऱ्यावर लिलाव. बोटी उथळ पाण्यामुळे थोड्या आत थांबतात आणि मासळी बाहेर आणायला बैलगाड्या थेट पाण्यात जातात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात तरी ते बिचकत नाहीत, सवयीचे. जाताना बर्फ घेऊन जातात, येताना मासळी. बघायला जाल तेव्हा गाडीवाटेतून बाजूला उभे राहा, भरलेली गाडी वाळूत थांबली तर पुन्हा निघत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्या वेळी आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागायतदारांचं नुकसान सगळीकडे छापून आलं ते योग्यच, पण छोट्या होडीवाल्याचं दुखणं तितकं कोणी विचारलं नाही.

मोठा प्रश्न दिव्यांच्या मासेमारीचा. रात्री समुद्रात एलईडीचा झगझगीत प्रकाश टाकून मासळी गोळा करायची आणि उपसून न्यायची. केंद्राने २०१७ मध्येच त्याला बंदी घातली आहे. तरीही ते चालू असल्याच्या तक्रारी बंदरात उभं राहिलं की कानावर येतात. ज्याच्याकडे छोटी होडी आणि साधं जाळं आहे त्याने कुणाशी भांडायचं? पर्यटक म्हणून आपण लिलावात मोठा ढीग बघून खूष होतो. तो कसा पकडला हेही विचारत चला, सांगणारे सांगतात.

------

लेणीवाला:

विषयाला थोडं मागे नेतो, पण धाग्याशी संबंध आहे. आपल्या पांडवलेण्यांत १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. त्याने केलेल्या दानांत नद्यांवर फुकट तरींची, म्हणजे पार नेणाऱ्या होड्यांची, सोय केल्याचा उल्लेख आहे, आणि त्या नद्यांच्या यादीत दमण, तापी यांच्याबरोबर डाहाणुका हे नाव येतं. डहाणूची नदी. त्याच लेखात ३२ हजार नारळाच्या झाडांचं दान आहे, आणि ते ज्यांना मिळालं त्यांच्यात आपल्या गोवर्धनचे आणि शूर्पारकचे, म्हणजे सोपाऱ्याचे, भिक्षूवर्ग येतात.

म्हणजे नाशिकच्या दगडावर किनाऱ्याच्या तरी आणि नारळ कोरलेले आहेत. घाटावरून खाली उतरणारी वाट तेव्हाही वाहती होती. लेणी चढून जाणारे आपण तो लेख व्हरांड्यात वर मान करून बघतो आणि पुढे जातो. डहाणूला जाण्याआधी एकदा तिथे थांबून बघा.

------

गोदाकाठ:

लेणीवाला, हे फार मोलाचं. लेण्यात अनेकदा गेलो असूनही डहाणूचं नाव तिथे आहे हे ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात.

------

अंबड_शिफ्ट:

एक विषय कोणीच काढला नाही. डहाणूजवळचं वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प. आमच्या कंपनीत सगळे म्हणतात नाशिकच्या मालाला जवळचं बंदर मिळेल, द्राक्ष, कांदा थेट जाईल. मलाही तेच वाटायचं. ताईंचा प्रतिसाद वाचून विचारावंसं वाटलं, तिकडे लोक काय म्हणतात?

------

खाडीपलीकडची:

विचारलंत हे बरं केलंत, कारण नाशिकला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने वाढवणला बंदर नको असा निर्णय दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत आमच्या किनाऱ्यावर एक पिढी मोर्च्यांत म्हातारी झाली. काळे झेंडे, बंद, मानवी साखळ्या, सगळं करून झालं.

विरोध का, तर तिथला खडकाळ उथळ भाग मासळीच्या पैदाशीचा आहे. मासा तिथे वाढतो आणि मग इकडेतिकडे पसरतो. तिथे भराव पडला, मोठ्या जहाजांची वाट झाली, की आमच्या जाळ्यांनी जायचं कुठे? समुद्र मोठा आहे असं वरून बघणाऱ्याला वाटतं. पण जाळं कुठेही टाकता येत नाही. कुठल्या जागेवर कुणाचे जाळं बांधायचे खुंट, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. शेतकऱ्याची जमीन गेली तर सातबारा असतो, मोबदला मागता येतो. आमच्या पाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

नोकऱ्या मिळतील म्हणतात. मिळोत. पण माझ्या भावाला पाण्याचा रंग बघून मासळी कळते, वाऱ्याच्या दिशेवरून उद्याचं कळतं. त्याला गेटवर उभं करून तुम्ही काय देणार? तुमच्या कांद्याला बंदर मिळावं हे मलाही वाटतं, माझ्या सासरी कांदाच आहे. पण त्याची किंमत कोण भरतंय तेवढं कंपनीत सांगा.

------

अंबड_शिफ्ट:

सांगतो ताई. सासरी कांदा आणि माहेरी मासळी, तुमच्याइतकं दोन्हीकडचं कोण सांगणार. माझं मत लगेच बदललं असं म्हणत नाही, पण आता एकाच बाजूने बोलणार नाही.

------

भाकरीचा_पापुद्रा:

मी खाण्याचं लिहिते. ताजी मासळी नाशिकपर्यंत आणायची तर थर्माकोलची पेटी, खाली बर्फाचा चुरा, वर मासळी, वर पुन्हा चुरा. मासळी कोरडी करून पिशवीत भरा आणि मग बर्फात ठेवा, थेट गोड्या पाण्यात बुडून राहिली तर चव जाते. कल्ले लालभडक हवेत, डोळा भरलेला हवा, बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून यायला हवा. बोंबील मात्र आणू नका, तो तिथेच खा. घाट चढेपर्यंत त्याचं पाणी सुटतं. तिथे मावशींकडून साफ करून घ्या, दोन पाटांमध्ये दाबून पाणी काढून, हळद-मीठ-तिखट-आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळायचा.

सुकट आपल्या पद्धतीने: आधी कोरडी भाजून घ्यायची, चाळणीत घोळून वाळू-कचरा काढायचा, पटकन धुवायची. भरपूर कांदा, लसूण, लाल तिखट, थोडी चिंच. बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

आणि पापलेटची पिल्लं विकत घेऊ नका. २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. म्हणजे वीतभरही नाही, त्याहून बारीक असेल तर ते पिल्लूच. स्वस्त मिळतं म्हणून आपण घेतो म्हणून ते पकडलं जातं. घेणाऱ्यानेच नाही म्हटलं पाहिजे.

------

दाभोळखाडी:

पिल्लांच्या मुद्द्याला +१. आमच्याकडेही जुने लोक तेच सांगतात.

------

कॉलेजरोड_सायकल:

अजून एक विचारायचं राहिलं. पावसाळ्यात गेलो तर काय दिसेल? नारळी पौर्णिमेला पोरांना न्यायचा विचार आहे.

------

खाडीपलीकडची:

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. मासळीचा प्रजननाचा काळ आणि समुद्रही खवळलेला. त्या ६१ दिवसांत बोटी वर ओढून शाकारून ठेवलेल्या दिसतील, रंगकाम, इंजिनाची कामं, नवी जाळी भरणं. घरात पैशाची ओढाताण असते, बायका सुकवलेल्या मालावर घर चालवतात. पर्यटक जवळपास नसतात, आणि तेव्हाच माणसांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. मोठ्या भरतीला पाणी वस्तीत शिरतं, त्या दिवशी मात्र किनाऱ्यावर पोरांना सोडू नका.

नारळी पौर्णिमेला जरूर न्या. बोटी सजवलेल्या, वाजतगाजत नारळ समुद्राला अर्पण करतात, घरोघरी नारळीभात आणि करंज्या. पूर्वी त्यानंतरच बोटी लोटायच्या. आता कायद्याने १ ऑगस्टला मोकळीक मिळते आणि पौर्णिमा कधी कधी महिनाभर पुढे असते. आमच्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी मागणी आहे की बंदी वाढवा, मासळीला वाढायला आणखी वेळ द्या. स्वतःचं उत्पन्न थांबवा म्हणून मागणी करणारे लोक फार नसतील.

तुम्हाला कोणी त्या घोळ माशाची गोष्ट सांगेल. २०२१ मध्ये आमच्या पालघरच्याच मुरबे गावच्या बोटीला बंदी उठल्या उठल्या घोळीचा मोठा थवा लागला आणि एक कोटी तेहतीस लाखांना गेला, कारण घोळीच्या बोताला, म्हणजे पोटातल्या पिशवीला, बाहेरच्या देशात मागणी. ते खरं आहे. पण त्या एका बातमीवरून कोळी श्रीमंत झाले असं समजू नका. रिकाम्या परतलेल्या बोटींची बातमी होत नाही, आणि डिझेल तर जाळावंच लागतं.

------

मोखाडा_वळण:

ताई, थंडीत आमचे दोन-तीन कुटुंबांचे मिळून जायचं ठरतंय. बोंबील वाळताना बघायचेत आणि बोटी येतानाही. कुठला दिवस धरू?

------

खाडीपलीकडची:

पौष नाहीतर माघ धरा, ऊन कोरडं असतं. पौर्णिमा झाली की वद्य द्वितीया किंवा तृतीया. उधाण चालू असतं आणि भरती दुपारी दीड ते सव्वादोनच्या सुमारास येते. नाशिकहून सकाळी सातला निघालात तर अकरा-साडेअकरापर्यंत पोचाल. आधी वलांड्यांवर जा, सकाळी लावलेला माल तेव्हा ताजा असतो. साडेबाराला धक्क्यावर या, बोटी आत यायला लागतील. जेवण त्यानंतर, तीनच्या पुढे, त्याआधी कुठल्याच घरात चूल मोकळी नसते. मुलांसाठी डबा बरोबर ठेवा. परतताना घाट अंधारात पडेल, म्हणून जव्हारला मुक्काम करा.

दिवस ठरला की इथे टाका, किती जण ते पण लिहा. वहिनीला फोन करून ठेवते, जेवणाचं तिच्याकडेच सांगू. तिच्या हातच्या कोलंबीच्या कालवणाला आमच्या गावात तोड नाही, आणि पैसे घ्यायला ती नाही म्हणाली तरी द्या.